केपचा नीलमृग

आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाशी, केप प्रांतातील स्वेलेंडामच्या परिसरात, एके काळी निळसर करड्या रंगाचा एक डौलदार मृग चरत असे. डच वसाहतवाले त्यास ‘ब्लाउबोक’, म्हणजे निळा बोकड, म्हणत. भारतातील रोह्यासही नीलगाय हे नाव आहे. परंतु या दोन प्राण्यांचे कूळ निराळे. ब्लाउबोकाचे खरे सगेसोयरे म्हणजे आफ्रिकेतील रोन आणि सेबल हे मोठ्या शिंगांचे मृग. हा त्यांच्याहून अंगाने लहान. त्याची वलयांकित शिंगे कमानीसारखी मागे वळलेली असत आणि गवत हे त्याचे मुख्य खाद्य होते.

या मृगाचा इतिहास चमत्कारिक आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्याहून १०० मीटरांपेक्षाही अधिक खाली होती. केपच्या दक्षिणेस आज जेथे लाटा उसळतात तेथे त्या वेळी विस्तीर्ण गवताळ मैदान पसरलेले होते. पुढे बर्फ वितळले, समुद्र वर चढला आणि ते कुरण पाण्याखाली गेले. नीलमृगाच्या वाट्यास किनारा व डोंगर यांमधील चिंचोळी पट्टी तेवढी उरली. सुमारे २,००० वर्षांपूर्वी त्या प्रदेशात मेंढपाळ आले आणि उरल्या गवतासही वाटेकरी झाले.

इ. स. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने केप येथे ठाणे वसविले. त्यामागोमाग शेती, गुरेढोरे व बंदुका हळूहळू पूर्वेकडे सरकत गेल्या. पीटर कोल्ब याने १७१९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निळ्या बोकडाचा उल्लेख केला. १७६६ साली पल्लास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने त्यास शास्त्रीय नाव दिले. परंतु शास्त्राच्या वहीत नाव चढते न चढते तोच त्या प्राण्याची घटका भरत आली. इ. स. १८०० च्या सुमारास शेवटचा नीलमृग मारला गेला. नामकरण आणि निधन यांत जेमतेम ३४ वर्षांचे अंतर! माणसाच्या लिखित इतिहासात आफ्रिकेतून नाहीसा झालेला हा पहिलाच मोठा सस्तन प्राणी गणला जातो. पेंढा भरलेली काही कातडी, काही शिंगे व हाडे एवढेच त्याचे अवशेष युरोपातील संग्रहालयांत उरले आहेत.

‘तो आधीच दुर्मिळ होता, आज ना उद्या जाणारच होता,’ असे कोणी म्हणेल. या समजुतीस अलीकडील संशोधनाने धक्का दिला आहे. जुन्या अवशेषांतील आनुवंशिक द्रव्य तपासून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, हजारो वर्षे या मृगाची संख्या थोडीच होती. तथापि निकटच्या नात्यातील संकराने वंश खंगत गेल्याची ठळक चिन्हे त्यात नव्हती. थोडक्या संख्येत तग धरण्याची सवय त्या जातीस जडली होती. थोडेपणा हा तिचा रोग नव्हता. अकस्मात आलेली बंदूक आणि नांगर यांपुढे मात्र तिचा निभाव लागला नाही.

याचा पडताळा त्याच भूमीत मिळतो. तपकिरी अंगाचा व पांढऱ्या तोंडाचा बाँटेबोक हा दुसरा मृग नीलमृगाचा शेजारी. तोही त्याच बंदुकांचे लक्ष्य झाला होता. परंतु एकोणिसाव्या शतकात ब्रेडासडॉर्पकडील काही शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीवर त्याचे कळप राखले. १९३१ साली त्याच्यासाठी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेव्हा त्यात अवघी १७ जनावरे होती. पुढे, १९६० च्या सुमारास, ते उद्यान स्वेलेंडामजवळ हलविण्यात आले. आज बाँटेबोकांची गणती हजारांत होते.

भूमी एक, शत्रू एक; एका जातीस राखणदार वेळेवर भेटला, दुसरीस भेटला नाही. ज्या स्वेलेंडामच्या परिसरातून नीलमृग कायमचा गेला, तेथेच आज बाँटेबोक निर्भयपणे चरत आहेत. निसर्गाने दोघांसही जगण्याची संधी दिली होती. त्यांतील एक नाकारली गेली, ती माणसाकडून.