सूर्य मावळला की बंद होणारं स्टेशन

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, ब्लू रिज डोंगररांगेच्या पायथ्याशी माउंट एअरी नावाचं गाव आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास. गावाबाहेर ग्रॅनाइटची भलीमोठी खाण, आणि थोडं उत्तरेला गेलं की व्हर्जिनिया राज्याची हद्द. २ फेब्रुवारी १९४८ रोजी या गावात एक रेडिओ स्टेशन सुरू झालं : डब्ल्यूपीएक्यू, मीडियम वेव्हवर ७४० किलोहर्ट्झ. त्याच वर्षी त्यावर ‘मेरी-गो-राउंड’ नावाचा कार्यक्रम लागायला लागला. गावातले आणि आसपासच्या डोंगरांतले वादक यायचे, माइकसमोर उभे राहायचे आणि वाजवायचे. हा कार्यक्रम अजून चालू आहे. दर शनिवारी, थेट प्रक्षेपण.

रेडिओवरचे थेट संगीताचे इतके जुने कार्यक्रम अमेरिकेत बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. मग हा कसा टिकला? ‘लोकांचं प्रेम’ हे नेहमीचं उत्तर मला पुरत नाही. प्रेम तर शेजारच्या पन्नास गावांतही होतं. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे माझं लक्ष आधी यंत्रणेकडे जातं. आणि इथल्या यंत्रणेत एक मजेशीर गोष्ट सापडते : हे स्टेशन टिकलं त्यात त्याच्या तोकड्या पोचेचा मोठा वाटा आहे.

मीडियम वेव्हचं गणित असं. दिवसा वातावरणाचा एक विद्युतभारित थर या लहरी शोषून घेतो, त्यामुळे स्टेशन जमिनीलगत जेवढं पोचेल तेवढंच ऐकू येतं. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर लांब उतरतात. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, रात्री रेडिओची सुई फिरवताना कुठली कुठली स्टेशनं लागायची ते. पण या गुणामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवरची स्टेशनं रात्री एकमेकांवर चढतात. म्हणून रात्रीचं आकाश मोठ्या स्टेशनांना राखून ठेवलेलं असे. ७४०वर तेव्हा कॅनडातल्या टोरांटोच्या बलाढ्य स्टेशनचा हक्क होता. माउंट एअरीचं स्टेशन दिवसाचंच म्हणून सुरू झालं. अंधार पडला की बंद.

आता याच्या शेजारी नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम ठेवून बघा. ताकद ५०,००० वॅट. १९२५ पासून त्यावर चालणारा ‘ग्रँड ओल ऑप्री’ शनिवारी रात्री अर्ध्या अमेरिकेत ऐकू येई. सुरुवातीला तिथेही शेतकरी, न्हावी, कारागीर असेच हौशी लोक वाजवत. पण देशभराचा श्रोता मिळाला की देशभर चालेल असा कलाकार लागतो. काही वर्षांतच व्यावसायिक तारे आले आणि हौशी वादक कडेला सरकले. यात कुणाचं कारस्थान नव्हतं. पोच वाढली, आणि निवड तिच्या मागोमाग बदलली.

माउंट एअरीला तो मोह परवडणाराच नव्हता. दिवसा ऐकणारं कोण, तर आसपासच्या तालुक्यांतले शेतकरी, दुकानदार, घरी काम करणाऱ्या बायका. त्यांना नॅशव्हिलचे तारे ऐकवायला दुसरे होते. चुलतभाऊ कसा वाजवतो ते ऐकवणारं हे एकच. स्टेशनचे संस्थापक राल्फ एपर्सन याच डोंगराळ भागातले. त्यांनी स्थानिक वादकांना जागा द्यायचं धोरण पहिल्यापासून ठेवलं आणि २००६ साली वारले तोवर सोडलं नाही. स्टुडिओत होऊन गेलेल्या बँडची मुद्रणंही त्यांनी जपली. त्यातली निवडक १९९९ मध्ये राउंडर रेकॉर्ड्सने सीडीवर आणली.

या भागाचं वादन कशासाठी जपायचं, हेही सांगायला हवं. माउंट एअरीजवळ राउंड पीक नावाचा डोंगर आहे आणि त्याच्या नावाने ओळखली जाणारी वादनाची एक शैली. तिच्यात दोन वाद्यं मुख्य : फिडल, म्हणजे व्हायोलिनच, आणि बिनपडद्यांचा बँजो. सतारीला पडदे असतात, सारंगीला नसतात. तसा हा फरक. पडदे नसले की बोट सुरावरून सुरावर घसरत जाऊ शकतं. दोन्ही वाद्यं एकच धून जवळजवळ एकत्र वाजवतात, एकमेकांत गुंतून. हे नोटेशनमध्ये नीट उतरत नाही. शेजारी बसून, वाजवणाऱ्याच्या हाताकडे बघूनच शिकावं लागतं.

रेकॉर्ड कंपन्या इथे रेडिओच्या आधी पोचल्या होत्या. १९२७ मध्ये या भागातला ‘सदर्न ब्रॉडकास्टर्स’ नावाचा बँड इंडियाना राज्यात जाऊन जेनेट कंपनीसाठी वाजवून आला. त्यात बेन जॅरेल हे फिडलवादक होते. थोड्याच वर्षांत महामंदी आली, रेकॉर्डचा धंदा बसला आणि अशा वादकांकडे कुणी वळून पाहिलं नाही. बेन यांचा मुलगा टॉमी याने आयुष्यभर राज्याच्या रस्ते खात्यात ग्रेडर यंत्र चालवलं. निवृत्त झाल्यावर त्याच्या घरी देशभरातून तरुण मुलं येऊन राहायला लागली, त्याचा हात बघायला. १९८२ मध्ये त्याला लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला, तो पहिल्याच वर्षी. १९८५ मध्ये तो गेला. मधल्या चाळीसेक वर्षांत हे संगीत बाजारात नव्हतंच. ते घरांत होतं, नाचाच्या बैठकींत होतं आणि शनिवारच्या रेडिओवर होतं.

‘डोंगरातलं संगीत’ हा शब्द मात्र जपूनच वापरावा लागतो. बँजोचा पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या स्मृतीतून आला. दक्षिणेत काळे आणि गोरे वादक एकमेकांकडून धुनी घेत होते. १९२०च्या दशकात कंपन्यांनी कॅटलॉगचे दोन कप्पे केले : काळ्यांच्या रेकॉर्डना ‘रेस’, गोऱ्यांच्या खेडवळ संगीताला ‘हिलबिली’. विक्रीच्या सोयीसाठी पाडलेला हा भेद पुढे लोकांना इतिहासच वाटू लागला. २००५ च्या सुमारास कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या कृष्णवर्णीय तरुणांच्या बँडने त्याच राज्यातल्या जो थॉम्पसन या वयोवृद्ध काळ्या फिडलवादकाकडे बसून शिकून घेतलं, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. जपणूक आपोआप न्याय करत नाही. कोणासाठी दार उघडं आहे, हे दर पिढीने नव्याने तपासावं लागतं.

१९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका कंपनीने देशभरात किती रेडिओ स्टेशनं घ्यावीत यावरची मर्यादा काढली. काही वर्षांत एकेका कंपनीकडे शेकडो स्टेशनं गेली आणि एका शहरात बनलेली प्लेलिस्ट दुसऱ्या शहरात वाजू लागली. माउंट एअरीचं स्टेशन एपर्सन घराण्याकडेच राहिलं. राल्फ यांच्यानंतर मुलाने ते चालवलं. ‘मेरी-गो-राउंड’ गावातल्या अर्ल थिएटरमध्ये होऊ लागला. हे १९३८ सालचं सिनेमागृह आहे. कार्यक्रमाआधी तिथे खुली बैठक असते : वाद्य घेऊन या, खुर्ची ओढा, वाजवा. बँड सुरू झाला की मंचापुढे लोक पाय आपटत नाचतात.

हे सगळं आता इंटरनेटवरही लागतं. तिथली शनिवारची सकाळ सरत येते तेव्हा पुण्यात रात्रीची जेवणं चाललेली असतात, आणि मी हेडफोन लावून ऐकतो. मधेच एखाद्याचा सूर चुकतो, कुणी खोकतं, निवेदक घाई न करता पुढच्या बँडचं नाव सांगतो. टोरांटोच्या स्टेशनला घाबरून संध्याकाळी गप्प होणारा आवाज आता जगभर पोचतो. पण मी ऐकत असलो म्हणून तिथे काय वाजायचं ते बदलत नाही. माझ्या क्लिककडे बघून कुणी धून निवडत नाही. ती निवड अर्ल थिएटरमध्ये वाद्य घेऊन आलेल्या माणसांकडेच आहे.

माझ्या धंद्यात कुठलीही कल्पना मांडली की पहिला प्रश्न येतो : स्केल होईल का? तो प्रश्न वाईट नाही. त्यावरच माझा पगार चालतो. पण आपल्याकडची भजनी मंडळं, शाहीर, गोंधळी यांचं ‘डिजिटायझेशन’ करू या असं कुणी म्हणतं, तेव्हा मी आता दुसरा प्रश्नही विचारतो. रेकॉर्डिंग तर होईल, ते लाखोंपर्यंत जाईलही. पण पुढच्या शनिवारी त्याच गावातली पोरं कुठे येऊन बसणार आहेत, आणि त्यांना कोण ऐकणार आहे?