स्वरूप, गोविंद
(२३ मार्च १९२९ – ७ सप्टेंबर २०२०). भारतीय रेडिओ ज्योतिर्विद व उपकरणरचनाकार. जन्म उत्तर प्रदेशातील ठाकूरद्वारा येथे. कर्मभूमी मात्र कल्याण, उटी आणि पुणे जिल्ह्यातील खोडद.

मापनतंत्रातील त्यांचे मोलाचे, पण फारसे न बोलले जाणारे काम स्टॅनफर्ड विद्यापीठातले. अनेक अँटेनांची एकच दुर्बीण करायची, तर प्रत्येक केबलमधून येणाऱ्या तरंगाची कला, म्हणजेच फेज, तंतोतंत जुळावी लागते. उन्हाने केबल किंचित लांबली तरी मेळ बिघडतो. १९६१ साली स्वरूप व त्यांचे सहकारी यांग यांनी तोडगा मांडला. केंद्रातून संकेत अँटेनाकडे धाडायचा, तिथून तो ठरावीक लयीची खूण घेऊन परतवायचा आणि त्याची कला केंद्रात बसूनच मोजायची. अँटेनागणिक हिंडणे संपले.

पुढे भारतात त्यांनी १९६५ मध्ये कल्याणला सूर्यवेधासाठी ३२ तबकड्या, १९७० मध्ये उटीची ५३० मी. लांब दुर्बीण उभारली. त्यांच्याच पुढाकाराने झालेल्या खोडदच्या जीएमआरटी (जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप) या दुर्बिणीत ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांचा पृष्ठभाग पत्र्याचा नाही, बारीक पोलादी तारांच्या जाळीचा आहे. वारा आरपार जातो, सांगाडा हलका होतो, खर्च वाचतो. आणि लांब रेडिओ तरंगांना जाळीची छिद्रे जाणवतच नाहीत, ही खरी मेख. पद्मश्री १९७३. पुणे येथे निधन.