रस्त्यावरच्या माणसाचा दावा

मंडळी, आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. रस्त्याने पायी जाणाऱ्या माणसाला मोटारीने उडवलं. पाय मोडला, तीन महिने काम बंद. पैसे कोणी द्यायचे, आणि मागायचे कुठे?

आपल्याकडे अपघाताच्या भरपाईचा पहिला कायदा मोटार येण्याआधीचा आहे. इंग्लंडच्या १८४६च्या कायद्यावर बेतलेला, १८५५चा. पण तो फक्त मृत्यूसाठी होता. हक्क पती-पत्नी, आईवडील आणि मुलांना. पाय मोडून जगलेल्या माणसाने दिवाणी कोर्टात जायचं. मागणीच्या रकमेनुसार कोर्ट फी भरायची, चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करायचा. एवढं करून जिंकला, आणि गाडीवाल्याकडे पैसेच नसले, तर? हुकूमनामा घरी ठेवायचा!

ही शेवटची अडचण १९३९च्या मोटार वाहन कायद्याने ओळखली. त्यातली थर्ड पार्टी विम्याची सक्ती १ जुलै १९४६ला अमलात आली. आपण विम्याला गाडीवाल्याची सोय समजतो, पण ही सक्ती मुळात रस्त्यावरच्या तिऱ्हाइतासाठी आहे. १९५६च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची वाटही उघडली.

उरला पुरावा. धडक बसून खाली पडलेला माणूस चालकाची चूक कशी दाखवणार? आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने मत दिलं होतं की, वाहनामुळे इजा झाली एवढं पुरे. १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केलं: दोष सिद्ध व्हायलाच हवा. मग १९८२मध्ये संसदेने कायदाच बदलला. दोष न पाहता मृत्यूसाठी १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वासाठी ७,५००. गाडी धडक देऊन पळाली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी ५,००० आणि गंभीर दुखापतीसाठी १,०००. रकमा तुटपुंज्या, पण तत्त्व मोठं होतं.

मात्र बघा, आपल्या माणसाचा पाय तर जुळून आला. म्हणजे कायमचं अपंगत्व नाही. गाडी सापडली असेल तर दोष सिद्ध केल्याशिवाय त्याला तेव्हाही काही नाही. हाड मोडणं ही गंभीर दुखापत धरून, दोष न विचारता त्याला २,५०,००० रुपये देणारी तरतूद २०१९च्या दुरुस्तीने आली आणि १ एप्रिल २०२२पासून लागू झाली. पण ती रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणापुढचा मोठ्या रकमेचा अर्ज संपतो. पळालेल्या गाडीसाठीच्या रकमाही आता २,००,००० आणि ५०,००० आहेत.

त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली. दाव्याला मुदतीचं बंधन १९९४मध्ये काढलं होतं. ते परत आणलं. अपघातापासून सहा महिने. ज्याचे तीन महिने प्लास्टरमध्ये जातात, त्याच्याकडे उरतात तीनच. दीडशे वर्षांहून जास्त काळ लागून मिळालेला हक्क, आणि तो तारीख चुकल्यामुळे जाऊ शकतो. आपल्या घरात, शेजारी कोणाला गाडीने उडवलं असेल, तर आजची एवढी एक गोष्ट त्यांना जरूर सांगा.