केडगावची ‘मुक्ती’ : कृपेची वाटचाल

पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावच्या ख्रिस्ती धर्मभगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं आपलं काम दाखवलं. ‘पतित’ म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांची भगिनी मायेने सेवा करत होत्या. अशा बायकांना कुणी जवळ घेतं, हे रमाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. हे कशापायी, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली; तुच्छ लेखल्या गेलेल्या या स्त्रीशी येशू आपणहून बोलतो. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला.

मायदेशी परतल्यावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन उघडलं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. धर्मांतराच्या आरोपांवरून 1893 मध्ये वादळ उठलं, अनेक मुली घरी नेल्या गेल्या; पण सदन टिकलं.

रमाबाईंच्या मनात मात्र दुसरीच तगमग होती. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळायचा आहे, ही रुखरुख त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं होती. क्षमा विद्वत्तेने कमवायची नसते, ओंजळ पुढे करून घ्यायची असते, हे उमगलं आणि मन निवलं. पुढचं सारं काम या निवलेल्या मनातून उभं राहिलं.

1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आई, वडील आणि थोरली बहीण अशाच उपासमारीच्या दिवसांत गमावलेल्या रमाबाई तिकडे धावल्या आणि उपाशी मुली-विधवांना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी ‘मुक्ती’ वसली. 1900च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, अंध मुलींसाठी ब्रेल, सगळं तिथेच.

आणि त्या आवारात एक घर होतं, कृपासदन. जिला ‘वाकडं पाऊल पडलेली’ म्हणत गावाने दार लावलं, तिच्यासाठी. तिथे तिला आसरा होता, काम होतं, आणि नव्याने जगता येतं हा भरवसा होता. फुलहॅममध्ये पाहिलेली माया आता केडगावात नांदत होती.

मुक्तीच्या छापखान्यात मुली खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेलं बायबल तिथेच छापलं गेलं. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. पण फुलहॅमला ऐकलेली ती शोमरोनी स्त्रीची गोष्ट, एकेकाळी टाकलेल्या बायकांच्याच हातांनी खिळा खिळा जुळून मराठीत उतरली. क्षमा मिळालेल्यांनीच ती पुढे पोचवली.