काच फुटली त्याची नोंद

प्रयोगशाळेतील सुरक्षिततेचा इतिहास डोंबिवलीच्या श्रोत्यांना सांगावयाचा, तर सुरुवात कोठून करावी हे शोधावे लागत नाही. 26 मे 2016 रोजी येथल्या औद्योगिक वसाहतीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांच्या खिडक्यांच्या काचा फुटल्या आणि बारा माणसे गेली. 23 मे 2024 रोजी त्याच वसाहतीत दुसऱ्या एका कारखान्यातील रिॲक्टर फुटला, आणि पुन्हा माणसे गेली. अशा वेळी आपण मालकाला आणि सरकारला दोष देतो, तो द्यावाच. परंतु त्या रिॲक्टरपाशी उभा राहणारा केमिस्ट घडतो कोठे? आपल्या कॉलेजांत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले. विद्या प्रसारक मंडळाने ठाण्यात 1969 साली कॉलेज काढले, कल्याणला बिर्ला कॉलेज 1972 साली निघाले. वसाहत आणि कॉलेज एकाच पिढीत वाढली, आणि कॉलेजच्या टेबलावर लागलेली सवय मुलांबरोबर सरळ कारखान्यात गेली.

ही सवय जुनी आहे. रसायनशास्त्राने आपल्या जखमांकडे प्रथम पराक्रम म्हणूनच पाहिले. नायट्रोजन ट्रायक्लोराइड शोधताना द्यूलाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाचा एक डोळा गेला. अँपिअरने ही वार्ता पत्राने हंफ्री डेव्हीला कळविली. डेव्हीने काय करावे? त्याने तोच पदार्थ करून पाहिला आणि 1812 साली स्वतःचे डोळे दुखावून घेतले! लिहावयास माणूस हवा म्हणून बुकबाइंडरकडे काम करणारा मायकेल फॅरडे नावाचा तरुण काही दिवस त्याच्याकडे आला. ही हकीकत सांगणारे फॅरडेच्या भाग्याविषयी बोलतात, डोळ्यांविषयी कोणी बोलत नाही. बुन्सेनचाही एक डोळा स्फोटातच गेला. त्याच्या नावाचा बर्नर आपली मुले रोज पेटवितात, पुष्कळदा चष्म्यावाचून.

कारखान्यात मात्र निराळा प्रवाह वाहत होता. तेथे 1948 चा कायदा आला. 1984 साली भोपाळ घडल्यावर 1987 साली त्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांत सुरक्षा समिती आली, तीत कामगारांचे प्रतिनिधी आले, धोक्याची माहिती मिळण्याचा कामगाराचा हक्क आला. पण विद्यार्थी म्हणजे कामगार नव्हे, आणि कॉलेज म्हणजे कारखाना नव्हे. तेव्हा ती समिती कॉलेजच्या दारातच थांबली. मोठ्या संस्थांतही संकट टळले नाही. 29 डिसेंबर 2009 रोजी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्रयोगशाळेला आग लागून दोन तरुण संशोधक मृत्यू पावले. 2018 च्या डिसेंबरात बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रयोगशाळेतील स्फोटाने एक संशोधक गेला.

चष्मे, वाळूच्या बादल्या, दूषित हवा ओढून नेणारी कपाटे ही पैशाने येतात. पैशाने येत नाही ती एकच गोष्ट: चूक झाली की ती निर्भयपणे सांगण्याची रीत. आणि नेमकी तीच आपण शिकविली नाही. उलट, न सांगण्याचे शिक्षण दिले. प्रवेशाच्या वेळी अनामत रक्कम भरावयाची, आणि वस्तू फुटली की ‘ब्रेकेज’ म्हणून तिची किंमत कापून घ्यावयाची. तोंडाने पिपेट ओढताना अॅसिड जिभेला लागले तर थुंकून, चूळ भरून मोकळे व्हावयाचे. त्याला किंमत नव्हती, म्हणून नोंदही नव्हती.

मी शिकत होतो त्या कॉलेजात एकदा माझ्या हातून अॅसिड असलेला फ्लास्क पडला. काचा मी घाईने हातांनीच गोळा केल्या आणि एप्रनच्या खिशात लपविल्या. दोन बोटे भाजली. घरी आईला स्टोव्हचे भाजले म्हणून सांगितले. शेजारच्या मुलाने त्याच दिवशी त्याच ओल्या, गुळगुळीत ओट्यावर आपली बाटली ठेवली. ती पडली नाही, हे त्याचे नशीब. सत्राच्या शेवटी अटेंडंटने सामान मोजले तेव्हा माझी चोरी उघडी पडली. रजिस्टरात माझ्या नावापुढे लिहिले गेले: कोनिकल फ्लास्क, 250 मिलिलिटर, नग एक. पुढे रक्कम. बोटांचा रकाना त्या रजिस्टरात नव्हता.