बाळगोळी ते पाळणाघर : बालपणातील अभाव आणि अमली पदार्थ

एकोणिसाव्या शतकात कलकत्ता हे सरकारी अफू-व्यापाराचे केंद्र होते. पाटणा आणि बनारस येथील एजन्सींच्या पेट्यांचा लिलाव याच शहरात होत असे. नोव्हेंबर १८९३ मध्ये लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालील शाही अफू आयोगाने हिंदुस्थानातील आपल्या साक्षींना येथूनच प्रारंभ केला. तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल आयोगापुढे आली. परंतु तिची गणना घरगुती औषधांत झाली. १८९५ च्या अहवालात आयोगाने अफूबंदीची मागणी नाकारली. मुलाला अफू का द्यावी लागते, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या गिरणगावात मिळते. कोकणातून व देशावरून आलेल्या स्त्रिया गिरण्यांत दिवसभर राबत. एका खोलीच्या बिऱ्हाडात मूल सांभाळावयास माणूस नसे. अशा वेळी ‘बाळगोळी’ मुलाला गुंगीत ठेवी. भूक आणि रडे दोन्ही शमवी. मुंबई सरकारने स्त्री-कामगारांच्या स्थितीच्या पाहणीसाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ साली नोंदविले, की या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते. एवढे मोठे प्रमाण आढळल्यावर हा दोष एखाद्या आईच्या अज्ञानाचा राहत नाही. तो श्रमव्यवस्थेचा ठरतो.

याच दशकात कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक रामनाथ चोप्रा यांनी अफूच्या सवयीचा शास्त्रीय अभ्यास हाती घेतला. बालकांना अफू देण्याची चालही त्यांच्या अभ्यासाचा विषय होती. मूल दोन-तीन वर्षांचे झाल्यावर ही गोळी बहुधा बंद केली जाई. म्हणजेच बाळगोळी घेणारे प्रत्येक मूल पुढे अफूबाज होई, असे म्हणता येत नाही. तिचे महत्त्व निराळे आहे. जेथे माणसाची माया व देखरेख पोहोचत नाही, ती जागा अमली पदार्थ व्यापतो, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

१९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने (व्हिटली आयोग) १९३१ च्या अहवालात या चालीची दखल घेतली आणि पाळणाघरांची शिफारस केली. १९३४ च्या कारखाना कायद्याने पाळणाघरासाठी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आणली गेली. अफूच्या विक्रीवर निर्बंध घालणे आणि अफूची गरज नाहीशी करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाळणाघराचा रोख दुसरीकडे होता.

ही गरज पुढे अन्य रूपाने प्रकट झाली. सियालदह व हावडा स्थानकांच्या परिसरातील निराधार मुलांमध्ये चिकटद्रव्याचा वास ओढण्याची सवय आढळते. येथे गोळी देणारी आई नाही. भूक, थंडी आणि भीती विसरण्यासाठी मूल स्वतःच नशा करते. केंद्र शासनाच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत मुलांचे प्रमाण प्रौढांपेक्षा अधिक आढळले ते एकाच प्रकारात, अशा हुंगण्याच्या द्रव्यांत : मुले व किशोर १.१७ टक्के, तर प्रौढ ०.५८ टक्के. बालपणी सोसलेले आघात जितके अधिक, तितका अमली पदार्थांचा प्रारंभ लवकर होण्याचा संभव वाढतो, असे अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही दिसून आले.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ नुसार मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. ही तरतूद आवश्यकच आहे. परंतु शिक्षेने देणारा हात रोखला जातो. मुलाला सांभाळणारा हात त्याने निर्माण होत नाही. गिरणीच्या पाळणाघरामागे ही जाण होती. फलाटावरच्या मुलापर्यंत ती अद्याप पुरती पोहोचलेली नाही.