मुद्दल, व्याज आणि कावळा

बँकेत वीस वर्षे काढल्यावर माणूस बोलतो कमी आणि शिक्के जास्त मारतो, असे आमच्या सौ.चे मत आहे. त्यामुळे मुक्या प्राण्यांच्या भाषेवर लिहायला मी अगदी लायक!

प्राणी मुके नसतात म्हणा. फुले कुठल्या दिशेला आणि किती लांब, हे मधमाशी नाचून सांगते. तो नाच उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळाले. केनियातली व्हर्वेट माकडे बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी तीन निरनिराळे ओरडे काढतात, हे १९८० साली प्रयोगांनी दाखवून दिले. परिपत्रकांपेक्षा ते ओरडे नक्कीच स्पष्ट असणार. पण "माझ्यामागे पोरांकडे बघा हं," असे कुठले माकड म्हणाल्याचे ऐकिवात नाही. उद्याचा वायदा फक्त माणसाच्याच भाषेत होतो.

असा एक वायदा आमच्या नाशकात दगडावर कोरलेला आहे. पांडवलेण्यातले १० नंबरचे लेणे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी नहपान राजाचा जावई उषवदात याने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले. २००० वर दरमहा शेकडा १ व्याज, १००० वर पाऊण. मुद्दल परत करायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. लेण्यात पावसाळा काढणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण. सवयीने मी पडताळून पाहिले. दोन हजारांचे वर्षाचे व्याज २४०, वाटप २४०. हिशेब चोख!

श्रेणी गेल्या, नाणी गेली. शब्द मात्र अजून देणे कबूल करताहेत.

मीही एकदा असा वायदा केला आहे. नाना गेले तेव्हा दहाव्याला रामकुंडावर कावळा पिंडाला शिवेना. काका कानाशी पुटपुटले, "अरे, काहीतरी कबूल कर." मी हात जोडले, "नाना, आईला मी अंतर देणार नाही." कावळा आला. त्याला भाताखेरीज काही कळले नसणार, एवढे कॉमर्सवाल्यालाही समजते. पण साक्षीदार तोच!

आई रोज संध्याकाळी नानांची तीच ती गोष्ट सांगते आणि मी पेपराआडून "हं" म्हणतो. "हं" म्हणजे काही भाषा नव्हे. माकडाचा ओरडा त्यापेक्षा बरा. काल खिडकीत एक कावळा येऊन बसला. मी निमूटपणे पेपर खाली ठेवला आणि म्हटले, "मग पुढे काय झालं, आई?"

व्याज बरेच थकले होते.